हबच्या पोटातले गिअर

बिनगिअरच्या सायकलवरून घाट चढताना माणूस हरतो तो दम संपून नव्हे. दम अजून शिल्लक असतो, पण पायडल थांबतं. मग तो उतरतो आणि हँडल धरून चालू लागतो. असं का होतं याचा हिशेब मांडला, की डोंगराळ मुलखासाठी कोणतं गिअरचं हब घ्यावं या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं. म्हणून दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

आपली नेहमीची २८ इंची काळी सायकल घेऊ. पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. चाकाचा परीघ सोयीसाठी २.२ मीटर धरला तर सायकल फेरीमागे ५.४ मीटर पुढे जाते. आता सायकल आणि स्वार मिळून वजन ९० किलो, आणि चढ ८ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. ताशी ६ किलोमीटरच्या वेगाने हा चढ चढायला सुमारे १२५ ते १३० वॅट लागतात. रोज सायकल चालवणाऱ्या धडधाकट माणसाला एवढं काम बराच वेळ करता येतं. पण ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर, आणि ५.४ मीटरच्या हिशेबाने पायडलच्या फेऱ्या होतात फक्त १९. पाय सुखाने फिरतात ते मिनिटाला ६० ते ८० फेऱ्यांवर. तेच काम १९ फेऱ्यांत उरकायचं तर पायडलवर सरासरी ४० किलोचा दाब लागतो. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर वाया जातो, त्यामुळे क्रँक आडवी असते त्या क्षणी हा दाब ६० किलोच्या पुढे जातो. थोडक्यात, प्रत्येक फेरीत अख्खं शरीर पायडलवर उभं करायचं. वेग वाढवून सुटका होत नाही. या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्या मारत हाच चढ चढायचा तर ४०० वॅटच्या वर ताकद लागते, आणि ती कसलेल्या शर्यतपटूलाही फार वेळ टिकवता येत नाही.

फेरीमागचे हे मीटर हेच या प्रकरणातलं मुख्य माप आहे. किती गिअर आहेत हा प्रश्न नंतरचा. सर्वात हलक्या गिअरमध्ये एका फेरीत सायकल किती पुढे जाते, हे आधी ठरवायचं.

त्यासाठी आपला चढ ओळखायला हवा. घाटरस्त्यांच्या चढाला इंडियन रोड्स काँग्रेसने मर्यादा घातल्या आहेत. डोंगराळ भागात नेहमीचा चढ ५ टक्के असावा, अगदीच अडलं तर ७, आणि जास्त तीव्र डोंगरात ८ टक्के. मालवाहू गाड्या चढल्या पाहिजेत म्हणून मुख्य घाट लांब पण सौम्य चढाचे बांधतात. दिवेघाट किंवा कात्रजचा जुना घाट लांब वाटतो तो त्यामुळेच. खरी परीक्षा असते गडावर जाणाऱ्या आणि गावात उतरणाऱ्या रस्त्यांची. सिंहगडाच्या रस्त्यावर १० टक्क्यांहून खडे तुकडे आहेत. कोकणात हमरस्ता सोडून खाडीकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या वाटेवर तर दोनशे मीटरचा चढच माणसाला खाली उतरवतो. घाटाच्या लांबीवरून हब निवडू नये. रोजच्या वाटेवरचा सर्वात खडा तुकडा पाहून निवडावं.

आता हबकडे येऊ. चाकाच्या मध्यभागी असलेल्या त्या नळकांड्यात गिअर कोंबण्याची कल्पना १९व्या शतकाच्या अखेरची. इंग्लंडमधल्या विल्यम राइली या अभियंत्याचं ‘द हब’ नावाचं दोन गिअरचं हब १८९८च्या सुमारास बाजारात आलं. त्यानंतर नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे मालक फ्रँक बाउडन यांनी तीन गिअरच्या हबची पेटंटं मिळवली, आणि १९०३मध्ये स्टर्मी-आर्चर या नावाचा प्रवास सुरू झाला. हेन्री स्टर्मी सायकलविषयक पत्रकार आणि संपादक होते, जेम्स आर्चर अभियंता. तीन गिअरच्या यंत्रणेमागचं मोठं डोकं राइलींचं होतं. पण आधीच्या कंपनीशी झालेल्या करारात ते अडकले होते, म्हणून पेटंट आर्चर यांच्या नावावर निघालं आणि हबवर राइलींचं नाव कधीच आलं नाही. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. आज जगभर लाखो चाकांत फिरणाऱ्या यंत्राचा तो एक खरा जनक आहे, आणि त्याचं नाव सायकलवाल्यांनाही माहीत नसतं.

याच कंपनीने १९३६मध्ये एडब्ल्यू नावाचं तीन गिअरचं हब काढलं. त्याची रचना समजली की पुढची सगळी हबं समजतात. मधला आस सायकलच्या फ्रेममध्ये घट्ट बसवलेला असतो, तो फिरत नाही. त्याच आसावर २० दात्यांचं एक चक्र कोरलेलं असतं, त्याला सूर्यचक्र म्हणतात. त्याच्याभोवती २० दात्यांची चार छोटी ग्रहचक्रं एका पिंजऱ्यात बसवलेली. या सगळ्यांना वेढणारं बाहेरचं कडं, त्याला आतल्या बाजूने ६० दाते. सूर्य स्थिर आहे, म्हणून पिंजरा एकदा फिरला की बाहेरचं कडं एक अधिक २०/६०, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश वेळा फिरतं. चेनचा जोर पिंजऱ्याला दिला आणि चाक कड्याला जोडलं, तर चाक १३३ टक्के वेगाने फिरतं. हा जड गिअर. उलट, जोर कड्याला दिला आणि चाक पिंजऱ्याला जोडलं, तर चाकाचा वेग ७५ टक्के होतो. हा हलका गिअर. आणि जोर कड्याला देऊन चाकही कड्यालाच जोडलं, तर ग्रहचक्रं नुसती फिरत राहतात आणि चाक चेनच्याच गतीने फिरतं. हा सरळ गिअर. हँडलवरची कळ दाबली की आसाच्या पोकळीतून जाणारी बारीक साखळी आतला क्लच सरकवते आणि या तीनपैकी एक जोडणी होते. सरळ गिअरमध्ये दात्यांच्या घर्षणात जवळजवळ काहीच वाया जात नाही, बाकीच्या गिअरमध्ये थोडं जातं.

हे हब आपल्या काळ्या सायकलला बसवलं आणि मागे १८ दात्यांचंच चक्र ठेवलं, तर काय होतं? हलका गिअर ५.४च्या ७५ टक्के, म्हणजे ४ मीटर. आपल्या आठ टक्क्यांच्या चढावर मिनिटाला २५ फेऱ्या. पूर्वीपेक्षा बरं, पण पुरेसं नाही, पायडलवर सरासरी ३० किलो दाब उरतोच. आणि जड गिअर होतो ७.२ मीटर. तो फक्त उतारावर लागेल, आणि उतारावर पायडल मारायचं काम फारसं पडत नाही. तीन गिअरचे पैसे देऊन कामाचा एकच गिअर वाढला.

आता मागचं चक्र १८ऐवजी २२ दात्यांचं करा. सरळ गिअर ४.४ मीटर, हलका ३.३, जड ५.९. जड गिअरसुद्धा आधीच्या एकुलत्या गिअरपेक्षा लांबच, म्हणजे सपाटीवर काही गमावलं नाही. खाली मात्र दोन गिअर मिळाले, आणि चढावर मिनिटाला ३० फेऱ्या, पायडलवर सरासरी २४ किलो. मागचं चक्र बदलण्याचा खर्च हबच्या मानाने किरकोळ. चेनला दोन-तीन कड्या जोडाव्या लागतात, एवढंच. तीन गिअरच्या हबविषयी ‘डोंगरात काही उपयोगाचं नाही’ असं बोललं जातं, त्यातली बरीच तक्रार मागच्या चक्राची असते.

म्हणून कोणतंही हब पाहताना तीन आकडे विचारावेत: सर्वात हलक्या गिअरचं प्रमाण, सर्वात जडाचं प्रमाण, आणि सरळ गिअर या दोघांच्या मध्ये कुठे येतो. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. एडब्ल्यूमध्ये सरळ गिअर मधोमध. मागे पायडल मारून गिअर बदलणारं, केबल नसलेलं दोन गिअरचं ड्युओमॅटिक हब घेतलं, तर सरळ गिअर खाली आणि १३८ टक्क्यांचा वर. म्हणजे सायकलचा मूळ गिअर आधी बराच हलका करून घेतला नाही, तर चढावर या हबची काहीच मदत होत नाही. स्टर्मी-आर्चरचं आठ गिअरचं रुंद पल्ल्याचं हब याहून टोकाचं आहे. त्यात पहिला गिअर सरळ आणि आठवा ३२५ टक्के. हे हब लहान चाकांच्या सायकलींना शोभतं. २८ इंची चाकावर त्याचा हलका गिअर खरोखर हलका करायचा, तर पुढे २६ आणि मागे २५ दाते अशी जोडी लागेल. कॉटर पिनच्या आपल्या क्रँकला इतकं छोटं चेनव्हील सहज मिळत नाही. याच्या उलट टोकाला त्याच कंपनीचं एस३एक्स हे तीन गिअरचं हब. त्यात सरळ गिअर सर्वात वर, त्याखाली ७५ आणि ६२.५ टक्के. कागदावर डोंगरासाठी हे सुरेख, कारण मूळ गिअर तसाच राहतो आणि खाली दोन पायऱ्या मिळतात. पण ते मूळचं फिक्स गिअरचं हब आहे. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. लांब घाट उतरताना नवख्याने ते अजिबात वापरू नये.

डोंगराळ गावात रोजच्या कामाची सायकल असेल, तर माझी पहिली पसंती स्टर्मी-आर्चरच्या पाच गिअरच्या रुंद पल्ल्याच्या हबला. प्रमाणं अशी: ६२.५, ७५, १००, १३३ आणि १६० टक्के. ४४ पुढे, २२ मागे ठेवलं तर हलका गिअर २.७५ मीटर. आठ टक्क्यांच्या चढावर मिनिटाला ३६ फेऱ्या, आणि माणूस बसून चढू शकतो. शिमानोचं आठ गिअरचं हब, नेक्सस किंवा अल्फाइन, याहून पुढचं. ५२.७ टक्क्यांपासून १६१.५ टक्क्यांपर्यंत, पाचवा गिअर सरळ, एकूण पल्ला ३०७ टक्के. चेनव्हील आणि मागचं चक्र यांचं गुणोत्तर दोनच्या आसपास ठेवलं, तर हलका गिअर २.३ मीटर, मिनिटाला ४३ फेऱ्या, सरासरी दाब १७ किलो. पहिल्या हिशेबातल्या ४० किलोंशी हा आकडा ताडून पाहावा. चढ तोच, वेग तोच, काम तेवढंच, पण पायडलवरचा भार निम्म्याहून कमी.

गुणोत्तर याहून खाली नेऊन गिअर आणखी हलका करावा, असं कुणालाही वाटेल. पण त्याला मर्यादा आहे. पुढचं चेनव्हील जितकं लहान आणि मागचं चक्र जितकं मोठं, तितका हबच्या आत जाणारा पीळ वाढतो, आणि आतले दाते, कुत्रे (दात्यांत अडकणारे खटके) व स्प्रिंगा ठरावीक पिळापर्यंतच टिकतात. म्हणून हब बनवणारे किमान गुणोत्तर सांगतात. ते पाळावं, विशेषतः स्वार वजनदार असेल किंवा कॅरिअरवर धान्याचं पोतं असेल तेव्हा.

या सगळ्यांच्या वर रोलॉफ आहे. जर्मनीतल्या कासेल परिसरात बर्नहार्ड रोलॉफ यांनी हे १४ गिअरचं हब १९९८मध्ये बाजारात आणलं. पल्ला ५२६ टक्के, आणि प्रत्येक पायरी सारखीच, साधारण १३.६ टक्क्यांची. मोठ्या दौऱ्यावर जाणारे लोक त्यावर विसंबून खंड ओलांडतात. ३८ पुढे, १६ मागे ठेवलं तर हलका गिअर जेमतेम दीड मीटर. त्याला तेल लागतं, आणि ते दर ५००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलायचं. किंमत मात्र एका उत्तम सायकलीइतकी किंवा तिच्याहूनही जास्त. हिमालयात सामान लादून जायचं असेल तर विचार करावा. शाळेत शिकवायला पाच किलोमीटर चढून जाणाऱ्या मास्तरांना त्याची गरज नाही.

चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारा डिरेलर का नको, असा प्रश्न येईल. शर्यतीसाठी, हलक्या सायकलसाठी डिरेलरच चांगला. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर आणि कोकणात जो पाऊस पडतो, त्यात बाहेर लोंबणारी यंत्रणा तांबड्या चिखलाने भरून जाते. हबचे गिअर बंद कवचात असतात. चेन सरळ एका रेषेत धावते, तिला पूर्ण चेनकव्हर लावता येतं. आणि घाटात सर्वात कामाची गोष्ट म्हणजे थांबलेल्या सायकलचा गिअरही बदलता येतो. वळणावर समोरून एसटी आली, पाय टेकावा लागला, तर उभ्या-उभ्याच हलका गिअर टाकून पुन्हा निघता येतं. डिरेलरला हे जमत नाही, त्याला फिरती चेन लागते.

काळ्या सायकलची फ्रेम या कामाला चांगली आहे. तिचा सांगाडा मुळात इंग्रजी रोडस्टरचाच. १९४९मध्ये मद्रासला सुरू झालेली टीआय सायकल्स काय किंवा आसनसोलची सेन-रॅले काय, दोन्ही कारखान्यांनी इंग्रजी कंपन्यांच्या भागीदारीत हाच सांगाडा इथे रुजवला. सायकल आली, गिअरचं हब मात्र सहसा तिच्याबरोबर आलं नाही. पण मागच्या आसाच्या आडव्या खाचा राहिल्या, आणि हबच्या गिअरला तेच लागतं, कारण चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणता येते. नेहमीची जाड चेनही चालते.

अडचणी दोन. पहिली, रुंदी. काळ्या सायकलच्या मागच्या फाट्यात ११० मिलिमीटरच्या आसपास जागा असते. तीन गिअरचं हब तिथे थोड्या खटपटीने बसतं. आठ गिअरच्या हबला १३० मिलिमीटरहून जास्त जागा हवी, आणि लोखंडी फाटा तितका फाकवणं धोक्याचं. त्या हबसाठी वेगळी फ्रेमच शोधावी. दुसरी अडचण भोकांची. आपल्या रोडस्टरच्या मागच्या रिमला ४० भोकं असतात, पुढच्या रिमला ३२. नवी हबं बहुधा ३६ किंवा ३२ भोकांची येतात. हब मागवून घरी आणल्यावर हे कळलं तर नवी रिम, नवे स्पोक आणि नव्याने चाक विणण्याचा खर्च वाढतो. भोकं आधी मोजावीत. आसाच्या दोन्ही बाजूंचे दात असलेले वॉशरही जपावेत. हलक्या गिअरमध्ये आस उलटा फिरू पाहतो, आणि त्याला धरून ठेवणारे तेच असतात.

जुनं एडब्ल्यू कुठे सापडलं, तर त्याच्या कवचावर वर्ष आणि महिना कोरलेला असतो. सत्तर वर्षांपूर्वीचं हबसुद्धा धुऊन, तेल घालून पुन्हा चालतं. फक्त त्याचा एक दोष घाटात जिवावर बेतू शकतो. सरळ आणि जड गिअरच्या मध्ये एक मोकळी जागा आहे, तिथे काहीच जोडलेलं नसतं. केबल नीट जुळवलेली नसली आणि स्वार उभा राहून जोर लावत असला, तर पायडल अचानक मोकळं सुटतं आणि माणूस दांड्यावर आदळतो. पुढच्या काळातल्या हबमध्ये ही मोकळी जागा काढून टाकली आहे, म्हणून नवं घेणाऱ्याने तसंच घ्यावं. जुनं असेल तर केबल जुळवायला शिकावं. कळ मधल्या गिअरवर ठेवायची, उजव्या नटच्या खिडकीतून पाहायचं. आतल्या कांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर समतल दिसला पाहिजे. शिमानोच्या आठ गिअरच्या हबवर दोन पिवळ्या रेघा असतात. चौथ्या गिअरमध्ये त्या एका ओळीत आल्या की झालं.

एडब्ल्यूची केबल तुटली की हब आपोआप जड गिअरमध्ये जातं. पायथ्याशी हे झालं तर सगळा घाट जड गिअरमध्ये. अशा वेळी आसातून बाहेर आलेली ती बारीक साखळी ताणून दोरीने फाट्याला बांधली, तर हलका गिअर कायम राहतो आणि घर गाठता येतं. हातभर मजबूत दोरी सीटखाली बांधून ठेवायला काही लागत नाही.

तेलाबाबत एकच आग्रह. जुन्या हबच्या कवचावर तेलाचं छोटं झाकण असतं, त्यातून महिन्याला हलकं खनिज तेल थोडंसं घालावं. खोबरेल किंवा कोणतंही खाद्यतेल घालू नये. ते कालांतराने चिकट होतं, आणि आतले बारीक कुत्रे स्प्रिंगच्या जोराने उठायचे थांबतात.

गिअर बदलताना पायडलवरचा दाब क्षणभर सैल सोडावा, आणि चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. हे दोन-तीन दिवसांत पायात बसतं.

राहिला उतार. चढण्याची सोय झाली की माणूस पूर्वी न गेलेल्या उंचीवर जातो, आणि तिथून खाली येतो. मागे पायडल मारून लागणारा कोस्टर ब्रेक असलेलं हब घाटासाठी घेऊ नये. लांब उतारावर त्याचं आतलं ग्रीस तापून वितळतं आणि ब्रेक धरेनासा होतो. काळ्या सायकलचे सळईचे ब्रेक कोरड्या हवेत ठीक चालतात, पण पावसात भिजलेल्या क्रोमच्या लोखंडी रिमवर रबर नुसतं घसरतं. हबसाठी मागचं चाक नव्याने विणायचंच आहे, तर त्याला अॅल्युमिनियमची रिम घालावी. जमल्यास पुढचं चाकही तसंच करून घ्यावं आणि दोन्हीकडे केबलचे कॅलिपर ब्रेक बसवावेत. पैसे एका वेळी पुरत नसतील तर ब्रेकचं काम आधी करावं आणि हब पुढच्या वर्षी घ्यावं.